फार क्राय २ रिव्ह्यू: यातले सगळ्यात भारी सीन कोणी लिहिलेलेच नाहीत

फार क्राय २ जुना गेम आहे, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आला होता, युबिसॉफ्ट माँट्रियलने बनवलेला, पीसी, पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी. तरी आत्ता त्यावर एवढं लांबलचक लिहितोय कारण गेममध्ये आधीपासून ठरवून ठेवलेले सीन भारी की खेळता खेळता आपल्या हातून घडलेले भारी, हा वाद निघाला की झेल्डाचं नाव येतं, बाल्डर्स गेट ३ चं येतं, माइनक्राफ्टचं तर येतंच, आणि हा गेम बिचारा मागे राहतो. मला विचाराल तर या वादातलं खरं काय ते या एका गेममध्ये जेवढं उघडं दिसतं तेवढं दुसरीकडे कुठे दिसत नाही, कारण यात दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्ही प्रकार चांगलेही जमलेत आणि बिघडलेतही.

आधी गेम काय आहे ते पटकन सांगतो. आफ्रिकेतला एक देश, नाव दिलेलं नाही, यादवी पेटलीय, यूएफएलएल आणि एपीआर असे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि दोघांनाही शस्त्रं पुरवणारा जॅकल नावाचा एक दलाल आहे. तुम्ही भाडोत्री सैनिक, जॅकलला उडवायची सुपारी घेऊन आलेले. सुरुवातीला नऊ जणांतून एक कॅरेक्टर निवडायचं, आणि बाकीच्यांतले काही जण पुढे गेममध्येच भेटतात, तुमचे मित्र होतात, गेम त्यांना बडी म्हणतो. हे बडी प्रकरण लक्षात ठेवा, मला जे म्हणायचंय ते बरंचसं त्यांच्यावरच आहे.

सुरुवात पूर्ण स्क्रिप्टेड आहे, म्हणजे आधीपासून लिहून ठरवलेली. तुम्ही जीपच्या मागच्या सीटवर, ड्रायव्हर बडबडतोय, मान वळवून इकडे तिकडे बघता येतं, बाकी काही करता येत नाही. बाहेर लोक सामान घेऊन पळतायत, चेकपोस्टवर बंदुका घेतलेली पोरं अडवतात, आणि हळूहळू डोळ्यांपुढे अंधारी यायला लागते कारण तुम्हाला मलेरिया झालाय. शुद्ध येते तेव्हा हॉटेलच्या खोलीत पलंगावर पडलेले असता आणि ज्याला मारायला आलात तो जॅकल स्वतः समोर उभा, तुमचेच कागद हातात धरून वाचतोय. मारत नाही, चार गोष्टी ऐकवतो आणि निघून जातो. मग बाहेर गोळीबार सुरू होतो आणि तुम्ही धडपडत उठता.

ही ओपनिंग मला प्रचंड आवडते आणि मुद्दाम सांगतोय, कारण मी स्क्रिप्टेड सीनच्या विरोधात आहे असं कोणाला वाटायला नको. १९९८ मध्ये हाफ-लाइफने ट्रेनच्या डब्यातून जी सुरुवात दाखवली होती त्याच जातीची ही गोष्ट आहे, खेळाडूला कटसीन, म्हणजे मधेच चालणारी छोटी फिल्म, दाखवत बसण्यापेक्षा त्याच्या डोळ्यांतूनच जग फिरवून आणायचं. फार क्राय २ मध्ये तर या काही मिनिटांत गेम तुम्हाला सगळे नियम सांगून मोकळा होतो, म्हणजे इथे तुमचं शरीर तुम्हाला दगा देणार, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस धोका आहे आणि ज्याच्यासाठी आलात त्याला तुमची काडीची भीती नाही. एकही ट्युटोरियल बॉक्स न वाचता हे कळतं. स्क्रिप्टचा याहून चांगला वापर काय असू शकतो.

आणि मग गेम तुमचा हात सोडतो.

इथून पुढे जे आहे त्यासाठी हा गेम खेळायचा. साधारण ५० चौरस किलोमीटरचा मॅप, गवताळ माळ, जंगल, नदी, वाळवंटासारखा भाग, आणि त्यात मोजके नियम सोडून दिलेत जे एकमेकांत घुसतात. गवत वाळलेलं असेल तर आग पसरते आणि वारा जिकडे असेल तिकडे पसरत जाते. मेलेल्या माणसाची उचललेली बंदूक गंजकी असते आणि ऐन वेळी जॅम होते, मग तो बोल्ट खेचत बसायचं आणि समोरचा तोपर्यंत थांबत नाही. मॅप बघायचा तर कॅरेक्टर खरोखरचा कागद हातात धरतो, गेम पॉज होत नाही, गाडी चालवताना बघितलात तर रस्ता आणि कागद दोन्हीकडे एकदम बघायचं. जीव अगदी कमी राहिला तर आधी अंगात घुसलेली गोळी चिमट्याने उपसायची किंवा निखळलेलं बोट जागेवर बसवायचं. दारूगोळ्याच्या पेट्या पेटल्या की गोळ्या चहूबाजूंनी उडायला लागतात, त्या तुमच्या का शत्रूच्या हे त्यांना माहीत नसतं. शत्रू जखमी झाला तर त्याचे साथीदार त्याला उचलायला येतात, नाहीतर तो पडल्या पडल्या पिस्तूल काढून तुमच्यावर झाडतो.

बस, एवढंच. यादी वाचून काही विशेष वाटणार नाही. पण हे सगळं एका वेळी चालू झालं की काय होतं ते सांगतो.

नदीकाठची एक चौकी होती, संध्याकाळची वेळ, मी टेकाडावर स्नायपर घेऊन. प्लॅन साधा होता की टॉवरवरचा माणूस आधी पाडायचा, मग बाकीचे गोंधळले की डाव्या बाजूने खाली उतरायचं. टॉवरवाला पडला, तिथपर्यंत ठरल्यासारखं. तेवढ्यात रस्त्यावरून गस्तीची एक जीप आली जी प्लॅनमध्ये नव्हतीच, मशीनगनवाल्याने मला बघितलं, मी जीपवर गोळ्या घातल्या आणि ती फुटली, आणि फुटली ती बरोब्बर वाळलेल्या गवतात. वारा माझ्याकडे होता. काही सेकंदांत टेकाडाचा सगळा उतार पेटला, समोर काही दिसेना नुसता धूर आणि त्यातून गोळ्या येतायत, मी मागे सरकत सरकत बाजूच्या खडकापाशी आलो, तिथे दोघं जण वळसा घालून आधीच पोचलेले, एक पाडला, दुसऱ्यावर ट्रिगर दाबला तर बंदूक जॅम. आणि मी पडलो.

स्क्रीन काळी पडत जाते, आणि मग एक ओळखीचा आवाज. माझा बडी आला होता. तो कॉलर धरून फरफटत आडोशाला नेतो, हातात पिस्तूल कोंबतो, उठ म्हणतो. आम्ही दोघं मिळून उरलेल्यांना आवरलं, आग आता चौकीपर्यंत पोचली होती, तिकडचे सिलिंडर फुटायला लागले होते. आणि मग सगळं शांत झाल्यावर लक्षात आलं की बडी दिसत नाहीये. शोधला तर गवत जळून काळं झालं होतं त्याच्या कडेला जमिनीवर पडलेला, पोट धरून. वाकून त्याला इंजेक्शन द्यायचं, एक दिलं, तो अजून विव्हळतोय, दुसरं दिलं, अजून मागतोय, आणि माझ्याकडे शेवटचं उरलेलं. तेही दिलं. तो गेला. कायमचा, म्हणजे त्या सेव्हमध्ये परत कधीच दिसला नाही, बडी लोक जमतात त्या बारमध्ये त्याच्या जागी दुसरा कोणीतरी बसायला लागला.

आता हा सीन कोणी लिहिला? जीप तिथे यायची हे कोणी ठरवलं नव्हतं, वारा ठरवला नव्हता, जॅम व्हायची वेळ ठरवली नव्हती. तुम्ही त्याच चौकीवर गेलात तर तुम्हाला यातलं काहीच मिळणार नाही, वेगळंच काहीतरी मिळेल. पण एक गोष्ट नीट बघा, फरफटत नेण्याचं ते ॲनिमेशन स्क्रिप्टेड आहे. पिस्तूल हातात देणं स्क्रिप्टेड. बडीचा तो जखमी चेहरा, ते इंजेक्शन मागणं, शेवटचा श्वास, सगळं कोणीतरी बसून बनवलेलं, आवाज रेकॉर्ड केलेला, प्रत्येकाला तसाच दिसणार. मग तो सीन एवढा माझा का वाटला?

माझं म्हणणं असं की सीन लिहिलेला आहे की नाही यावर काही अडत नाही, तो कधी आणि कोणामुळे सुरू होणार हे कोणाच्या हातात आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. फार क्राय २ ने काय घडू शकतं हे नीट लिहून ठेवलं, जीव ओतून लिहिलं, आणि मग वेळ मात्र खेळाडूच्या आणि नशिबाच्या हातात दिली. बडी मरण्याचा सीन स्टोरीच्या अमुक मिशनला होणार असं ठेवलं असतं तर तो इतर गेममधल्या साथीदारांच्या मरणासारखाच एक मरणाचा सीन झाला असता, आपण कंट्रोलर खाली ठेवून बघितला असता आणि पुढच्या मिशनला लागलो असतो.

या गेमचा क्रिएटिव्ह डायरेक्टर क्लिंट हॉकिंग. त्यानेच २००७ मध्ये बायोशॉक या गेमवर टीका करताना ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स हा शब्द वापरला होता, म्हणजे गोष्ट एक सांगते आणि गेमचे नियम तुम्हाला दुसरंच करायला लावतात, त्यातली ओढाताण. २००९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तो फार क्राय २ वर बोलला, त्याचा रोख असा होता की खेळाडू आधी प्लॅन करतो, मग बंदूक जॅम होणं किंवा मलेरियाचा झटका असे छोटे छोटे फटके तो प्लॅन मोडतात, आणि मग खेळाडूला जागच्या जागी काहीतरी शोधून काढावं लागतं. छोटे हा शब्द महत्त्वाचा आहे. फटका एवढा मोठा नको की तुम्ही मेलात आणि लोडिंग स्क्रीन आली, आणि एवढा किरकोळही नको की तुम्ही तसेच पुढे गेलात. मधला हवा. बंदूक जॅम झाली की दोन सेकंद जातात, पण त्या दोन सेकंदांत समोरचा पुढे येतो, तुम्ही मागे सरकता, मागे सरकलात की नवीन जागा, नवीन जागेत नवीन भानगड. बडीचं वाचवणंसुद्धा याच हिशेबात बसतं, म्हणजे जिथे दुसरा गेम तुम्हाला मारून चेकपॉइंटवर नेऊन ठेवतो तिथे हा गेम ती हारच पुढच्या प्रसंगाची सुरुवात करून टाकतो. मला आजही हे डिझाइन बघितलं की हात जोडावेसे वाटतात.

म्हणून एक कळकळीची विनंती, पीसीवर खेळत असाल तर कुठेही सेव्ह करता येतं, ते करू नका. कन्सोलवर सेव्ह फक्त सेफ हाउससारख्या (म्हणजे आसऱ्याच्या घरांसारख्या) ठरलेल्या ठिकाणी आहे आणि गेम त्यासाठीच बनलाय. दर दोन मिनिटांनी सेव्ह करून प्रत्येक चूक पुसत गेलात तर प्लॅन कधी मोडणारच नाही, आणि प्लॅन मोडला नाही तर हा गेम म्हणजे नुसता गाडी चालवा, गोळ्या घाला, परत गाडी चालवा.

आता स्क्रिप्टेड बाजूचं पण न्यायाने बोलू. २००७ मधल्या कॉल ऑफ ड्युटी ४ मध्ये अणुस्फोटानंतरचा सीन आहे, हेलिकॉप्टर पडलंय, तुम्ही कसेबसे बाहेर सरपटता, थोडं इकडे तिकडे बघता आणि मरता. तिथे तुमच्या हातातून सगळं काढून घेणं हाच सीनचा अर्थ आहे, काही करता येत नाही हे अंगावर यावं म्हणूनच तो तसा आहे, आणि तो कुठल्याही सिस्टीममधून आपोआप घडला नसता. अशा ठिकाणी स्क्रिप्टच हवी. माझी तक्रार त्या गेमविषयी आहे ज्यांना असा काही अर्थ सांगायचा नसतो, फक्त स्फोट नीट कॅमेऱ्यात यावा म्हणून ते खेळाडूला एका रेषेवर चालवतात. पूल तुमच्या मागेच कोसळणार, तुम्ही कितीही हळू पळा, अगदी तुमच्या टाचेपाशीच कोसळणार. पहिल्यांदा छाती धडधडते. दुसऱ्यांदा खेळताना मुद्दाम थांबून बघा, पूलही थांबतो, नाहीतर तुम्हाला मारून परत आणतो आणि परत तसाच पळायला लावतो.

याच सिरीजमधलं उदाहरण घ्या ना. २०१२ मध्ये फार क्राय ३ आला, त्यात गांजाची शेतं जाळायचं मिशन आहे, हातात फ्लेमथ्रोवर देतात, मागे दणदणीत गाणं सुरू होतं, आणि तुम्ही शेत पेटवत सुटता. लोकांना ते मिशन फार आवडतं, मलाही आवडलं होतं, मजा येते यात वादच नाही. पण त्याबद्दल दोन मित्र बोलायला बसले तर बोलणार काय? तुझंही गाणं तिथेच वाजलं, माझंही तिथेच वाजलं. आग तीच आहे, पसरण्याची पद्धत तीच, पण दुसऱ्या पार्टमध्ये आग म्हणजे कधी माझ्या बाजूने कधी माझ्या विरुद्ध असलेली गोष्ट होती, तिसऱ्यात त्या मिशनपुरती ती नुसती सजावट होऊन गेली. २०१७ च्या झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्डने उलट ही आग आणखी पुढे नेली, तिथे गवत पेटलं की वर जाणारा गरम वारा तयार होतो आणि त्यावर पॅराग्लायडर उघडून तुम्ही हवेत जाता, म्हणजे संकटच शिडी होतं. कोणी सांगत नाही असं कर म्हणून. करून बघितल्यावर कळतं.

असो, परत आपल्या गेमकडे, कारण आता त्याचे दोष, आणि ते बरेच आहेत.

पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे चौक्या. तुम्ही एक चौकी जीव तोडून साफ केली, आजूबाजूच्या भागातून बाहेर गेलात, परत आलात, चौकी भरलेली. तीच माणसं नसतील पण तेवढीच, तिथेच. हा गेम निघाला तेव्हापासून लोक यावर वैतागलेत आणि बरोबरच वैतागलेत, पण बहुतेक जण याला कंटाळवाणं म्हणतात, माझ्या मते त्याहून वाईट आहे ते. खेळाडूच्या हातून घडलेल्या प्रसंगाला किंमत तेव्हा येते जेव्हा जग तो प्रसंग लक्षात ठेवतं. मी वर सांगितलेल्या चौकीवर माझा बडी गेला, आणि थोड्या वेळाने तिथून गेलो तर गवत परत जसंच्या तसं, टॉवरवर माणूस उभा, काही घडलंच नाही. बडी मेलेला गेमला लक्षात आहे, पण जागेला लक्षात नाही. २०१४ च्या शॅडो ऑफ मॉर्डरमध्ये नेमेसिस सिस्टीम आली त्यात तुम्हाला मारणारा फालतू ऑर्क (राक्षसासारखा शिपाई) बढती मिळून कॅप्टन होतो, पुढच्या वेळी तुम्हाला ओळखतो आणि टोमणे मारतो. ते बघताना सारखं वाटायचं की हे आपल्या चौकीवाल्यांना हवं होतं, एक तरी माणूस असा हवा होता जो म्हणेल की तूच तो.

दुसरं मलेरियाचं. कागदावर फार सुंदर कल्पना. प्रत्यक्षात अधूनमधून झटका येतो, स्क्रीन पिवळट होते, बटण दाबून गोळी खायची, झालं. गोळ्या संपत आल्या की निर्वासितांना बाहेर पडायचे कागदपत्र पोचवायचं मिशन करायचं, मग नवीन गोळ्या. म्हणजे हा प्रकार सिस्टीमचे कपडे घातलेला स्क्रिप्टेड सीनच आहे, कारण मी काय करतोय याच्याशी त्याचा काही संबंध नाही. दलदलीतून चाललो म्हणून आजार वाढला, पावसात भिजलो म्हणून वाढला, झोप घेतली म्हणून बरं वाटलं, असं काहीतरी असतं तर मी आजाराचा विचार करून रस्ता निवडला असता. आता फक्त गोळी खातो. पहिल्यांदा झटका येतो तेव्हा टरकायला होतं, नंतर नंतर नुसता व्यत्यय.

तिसरं, दिसेल तो गोळी घालतो. तुम्ही यूएफएलएलचं काम करत असलात तरी रस्त्यावरचे यूएफएलएलवाले तुम्हाला सोडत नाहीत, गेम म्हणतो की तुमचं काम गुपित आहे म्हणून त्यांना माहीत नाही. ठीक आहे, पटवून घेतो. पण त्यामुळे प्रसंग कितीही वेगवेगळे घडले तरी सगळे बंदुकीचेच घडतात. एखादा चेकपोस्टवाला पैसे घेऊन सोडेल, एखाद्याला मी आधी वाचवलेलं असेल, दोन्ही गटांना एकमेकांवर सोडून मी बाजूने निसटेन, या शक्यता सुरुवातीच्या त्या जीपच्या प्रवासात दिसतात आणि पुढे गेम त्या विसरूनच जातो. तेवढी एक खंत मला या गेमबद्दल कायम राहणार.

बडींच्या मिशनमध्येही पॅटर्न लगेच कळतो. गटाच्या नेत्याकडून काम घ्या, बाहेर पडा की फोन वाजतो, बडी म्हणतो असं नको तसं करू, तिकडे जा, मग मूळ काम, मग शेवटी बडीच अडकलेला, त्याला सोडवा. दर वेळी फोन वाजतो, दर वेळी तो अडकतो. तरीही मी सांगेन की बडीचा मार्गच घ्या, कारण लांबचा रस्ता म्हणजे जास्त गडबडी आणि त्यात सेफ हाउस सुधारतात, आणि मुख्य म्हणजे तुम्ही त्या माणसासोबत वेळ घालवता. वाचवून झाल्यावर तो लगेच परत वाचवायला तयार नसतो, त्याला जाऊन भेटावं लागतं, हाही छोटा नियम मला फार आवडतो. भेटायला गेला नाहीत तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही.

आता थोडा स्पॉइलर, नको असेल तर पुढचा एक परिच्छेद सोडा. पहिला अंक संपताना गेम तुम्हाला एक निवड देतो, चर्चमध्ये अडकलेले सामान्य लोक की बारमध्ये अडकलेले तुमचे बडी, दोन्हीकडे एकदम जाता येणार नाही. ही अगदी पक्की स्क्रिप्टेड जागा आहे, सगळ्यांना येते. पण बारमध्ये कोण बसलंय हे तुमच्या खेळण्यावर ठरलेलं असतं. ज्याने मला आगीतून ओढून काढलं तो आधीच गेलेला, आणि आत ती माणसं ज्यांच्यासाठी मी अर्धा मॅप तुडवला. माझे पाय तिथे अक्षरशः थबकले. स्क्रिप्टने इथे खेळाडूने आतापर्यंत जमवलेलं सगळं एका जागी आणून ठेवलं आणि मग त्यावर घाव घातला. शेवटाकडेही असंच करतो गेम, कोण जिवंत राहिलंय त्यावर तिथे कोण समोर येतं ते ठरतं, आणि ते कसे समोर येतात ते सांगत नाही, स्वतः बघा. कुठलाही लेखक माझ्या वतीने तेवढी माया तयार करू शकला नसता, ती मीच तयार केली होती, लेखकाने फक्त ती कुठे वापरायची ते नीट ओळखलं.

फार क्राय २ आला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हचा लेफ्ट ४ डेड आला होता, त्यात एआय डायरेक्टर म्हणून एक सिस्टीम आहे जी तुमची टीम कशी चाललीय बघून झॉम्बी कधी सोडायचे ते ठरवते. म्हणजे वेळ लेखकाच्याही हातात नाही, खेळाडूच्याही नाही, मशीनच्या हातात. ती पद्धतही जबरदस्त आहे आणि मित्रांसोबत खेळायला त्या काळात त्याला तोड नव्हती, पण त्यात सतत वाटत राहतं की वरून कोणीतरी बघतंय आणि मला पुरेसं घाबरवतंय. फार क्राय २ मध्ये कोणी बघत नाहीये ही भावना आहे. गवताला तुमची पर्वा नाही. मला हे जास्त खरं वाटतं, ज्याची त्याची आवड.

बाकी तांत्रिक बाजू पटापट. ग्राफिक्स आजही बघण्यासारखे आहेत, विशेषतः सकाळचा प्रकाश आणि झाडं, रंग मात्र सगळे भुरकट पिवळे. आवाज उत्तम, बंदुकांचा आणि आगीचा तर खासच. कॅरेक्टर फार भराभर बोलतात, कोणीतरी मागे लागल्यासारखे, सबटायटल चालू ठेवा. जॅकलच्या मुलाखतींच्या टेप गोळा करायच्या असतात त्यात तेच तेच रेकॉर्डिंग ऐकू येण्याचा एक बग आहे, पीसीवर फॅन लोकांनी तो दुरुस्त करणारा मॉड (गेममध्ये स्वतः केलेला बदल) काढलाय, चौक्यांचा त्रास कमी करणारे मॉडही आहेत. पण पहिल्यांदा खेळताना मॉडचा नाद नको, टेपवाला सोडून. हिरे शोधताना जीपीएसवरचा दिवा हिरवा लुकलुकायला लागला की गाडी थांबवा आणि उतरा, कारण हिऱ्यांशिवाय चांगली बंदूक विकत मिळत नाही आणि विकत घेतलेली बंदूकच भरवशाची.

कोणी घ्यावा? ज्यांना गोष्ट वेगात पुढे सरकलेली हवी असते, दर अर्ध्या तासाला काहीतरी मोठं दिसायला हवं असतं, त्यांना हा गेम रटाळ वाटेल, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, इथे खरंच लांब लांब गाडी चालवावी लागते. पण ज्यांना मित्राला फोन करून अरे ऐक ना आज काय झालं असं सांगायला आवडतं त्यांनी हा घ्यायलाच हवा. पहिले काही तास चिकाटी धरा, निदान दोन बडी जमेपर्यंत. डिफिकल्टी अगदी सोपी ठेवू नका, नाहीतर बडीला यायची वेळच येणार नाही. शक्य असेल तिथे रस्ता सोडून नदीने जा, होडी मिळते, चौक्या कमी लागतात. आणि कुठल्याही लढाईत उतरण्याआधी आजूबाजूचं गवत सुकं आहे का आणि धूर कुठल्या बाजूला जातोय तेवढं बघून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक पूर्णच्या पूर्ण त्या चौक्यांचा.